फ्लूचं नवं व्हर्जन अंड्यात पकडणारा माणूस : मॅकफार्लेन बर्नेट

फ्लूच्या लशीत नेमका कोणता व्हायरस घालायचा, याची यादी जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा जाहीर करते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. ही यादी काही गुप्त वगैरे नसते, तुम्ही आत्ता फोनवर उघडू शकता. २०२४-२५ च्या यादीत पहिलंच नाव दिसतं ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२. एखाद्या ॲपच्या बिल्ड नंबरसारखं वाटतं ना? ते तसंच आहे. फ्लूचा प्रकार, तो कुठे सापडला, प्रयोगशाळेतला क्रमांक आणि वर्ष.

पण यादी जरा खाली सरकवली की एक विचित्र गोष्ट दिसते. त्याच एच१एन१ फ्लूसाठी तिथे दुसरंच नाव आहे, ए/विस्कॉन्सिन/६७/२०२२. पहिलं नाव कोंबडीच्या अंड्यात बनणाऱ्या लशींसाठी आणि दुसरं पेशींच्या कल्चरमध्ये बनणाऱ्या लशींसाठी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी कॉपी-पेस्ट करताना चुकलंय. रोग एकच, मग अंड्यासाठी वेगळं बिल्ड कशाला?

याचं उत्तर शोधत मागे मागे गेलो तर थेट १९४० च्या दशकातल्या मेलबर्नमध्ये पोहोचलो. तिथे एक अबोल माणूस रोज अंडी घेऊन बसायचा. त्याचं नाव फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट. नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामासाठी, त्यामुळे फ्लूसंदर्भात त्यांचं नाव फारसं निघत नाही. आज तेच सांगतो.

त्याआधी थोडं हार्डवेअर समजून घेऊ. फ्लूच्या व्हायरसची सगळी माहिती आरएनएच्या आठ तुकड्यांत लिहिलेली असते. आठही तुकडे मिळून साधारण १३,५०० अक्षरं. अक्षरं फक्त चारच प्रकारची, म्हणजे एका अक्षराला दोन बिट पुरतात. हिशोब केला तर अख्खा व्हायरस साडेतीन केबीच्याही आत बसतो. तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा फुलांचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. आणि या साडेतीन केबीची प्रत काढणारं जे यंत्र आहे, त्यात स्पेलचेक नाही. ढोबळमानाने प्रत्येक नव्या प्रतीत एखादी चूक होतेच. बहुतेक चुका निकामी ठरतात, पण एखादी कामाची निघते. (कोरोनाव्हायरसकडे स्पेलचेक आहे. त्याची फाइल सुमारे ३०,००० अक्षरांची, त्याला ते परवडणारच नाही.)

हे सगळं आपल्याला आज माहीत आहे. बर्नेट यांनी काम सुरू केलं तेव्हा जीन्स कशाच्या बनलेल्या असतात हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे होती अंडी, थोडं रक्त आणि बघण्याची सवय.

ही सवय आली भुंगेऱ्यांमधून. बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ चा, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ट्रॅरॅल्गन गावातला. वडील स्कॉटलंडहून आलेले, बँकेत मॅनेजर. सात भावंडांत हा दुसरा, घरात सगळे मॅक म्हणायचे. थोरली बहीण मतिमंद होती. आईचा बहुतेक वेळ तिच्यामागे जायचा, आणि त्या काळात ही गोष्ट घराबाहेर बोलायची नसायची, त्यामुळे मुलांनी मित्रांना घरी आणायचं नाही असा अलिखित नियम. वडिलांशीही फार जवळीक नव्हती. मॅक एकटा पडला आणि एकटा रानात फिरायला लागला. १९०९ मध्ये वडिलांची बदली टेरांगला झाली. तिथे त्याने भुंगेरे गोळा करायला सुरुवात केली, ज्ञानकोशातून डार्विन वाचला. दोन भुंगेरे लांबून सारखेच दिसतात, पण जवळून पाहिलं तर एकाच्या पायावर वेगळा काटा असतो. मग ती एकच जात की दोन? असल्या प्रश्नांत हा मुलगा तासन् तास रमायचा. पुढे आयुष्यभर त्यांनी व्हायरसकडे असंच पाहिलं, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना सतत वाटत राहिलं.

१९१७ मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. दीडेक वर्षात मोठी साथ आली. १९१८ चा फ्लू आपल्याकडे मुंबई बंदरातून घुसला आणि भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. ऑस्ट्रेलियाने जहाजं समुद्रातच अडवून ठेवली, तरी १९१९ च्या सुरुवातीला तो तिथेही पोहोचलाच आणि बारा हजारांहून जास्त लोक दगावले. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या त्या पिढीला एक गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. एवढी माणसं मारणारं हे नेमकं काय आहे, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

डॉक्टर झाल्यावर बर्नेट रुग्णांमध्ये रमले नाहीत. स्वभाव लाजाळू, बोलणं कमी. वरिष्ठांनीही त्यांना प्रयोगशाळेकडे वळवलं. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये ते रुजू झाले, मग दोन वर्षं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बॅक्टेरिया खाणाऱ्या व्हायरसवर काम केलं. परत आले आणि १९२८ च्या जानेवारीत क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग इथे घटसर्पाची लस टोचल्यावर १२ मुलं गेली. चौकशीसाठी चार्ल्स केलवे यांच्या जोडीला बर्नेट. कारण सापडलं ते फारच साधं होतं. लशीच्या बाटलीत जंतुनाशक घातलेलं नव्हतं, तीच बाटली पुन्हा पुन्हा वापरली गेली आणि मधल्या काळात तिच्यात बॅक्टेरिया वाढले. लशीत काय घातलंय यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, बाटली उघडून बघायची, हे त्यांना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच शिकायला मिळालं. १९३१ मध्ये जीन मॅकनमारा यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की पोलिओचा व्हायरस एकच नाही, किमान दोन वेगळे प्रकार आहेत. लेबल एक, आत माल दोन.

१९३२ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, हॅम्पस्टेडच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये. योग बघा. तिथेच १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी माणसाच्या फ्लूचा व्हायरस पहिल्यांदा वेगळा काढला. त्यासाठी वापरला फेरेट, आपल्या मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी. फेरेटला माणसासारखाच फ्लू होतो, तो शिंकतोसुद्धा. त्यातलं एक फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि त्यालाही फ्लू झाला, म्हणजे पुरावा पूर्ण. पण फेरेट महाग, चावरे आणि सांभाळायला कटकटीचे. बर्नेट यांनी याच काळात कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यात व्हायरस वाढवण्याचं तंत्र शिकून घेतलं आणि ते घेऊन १९३४ मध्ये मेलबर्नला परतले.

अंडं ही खरं तर फार हुशार निवड आहे. स्वस्त, निर्जंतुक आणि स्वतःचं कवच घेऊन येणारी टेस्ट ट्यूब. दहा-अकरा दिवसांचं अंडं उजेडासमोर धरलं की आतल्या रक्तवाहिन्या दिसतात. कवचाला बारीक भोक पाडायचं, सुईने व्हायरस सोडायचा, भोक बंद करून अंडं उबेत ठेवायचं. बर्नेट हे काम स्वतःच्या हातांनी करायचे, संस्थेचे संचालक झाल्यावरसुद्धा. ते १९४४ मध्ये संचालक झाले. त्याच वर्षी हार्वर्डने त्यांना अमेरिकेत बोलावलं होतं, त्यांनी नाही म्हटलं आणि मेलबर्नलाच राहिले.

१९३५ मध्ये त्यांनी मेलबर्नमधल्या रुग्णांकडून फ्लूचा व्हायरस मिळवला. इंग्लंडचा व्हायरस आणि हा, दोन्ही भाऊ-भाऊ, पण हुबेहूब एक नव्हेत. पुन्हा तोच भुंगेऱ्याच्या पायावरचा काटा.

मग दुसरं महायुद्ध आलं. सगळ्यांच्या मनात भीती एकच, गेल्या युद्धाच्या शेवटी आली तशी साथ पुन्हा आली तर? बर्नेट जिवंत पण दुबळ्या केलेल्या व्हायरसची लस बनवायला लागले. सुई नाही, थेट नाकात फवारायची. व्हायरस दुबळा करायची पद्धत अशी की तो अंड्यातून अंड्यात, अंड्यातून अंड्यात नेत राहायचा. अंड्यात जगायची सवय लागली की माणसाला आजारी पाडायची खोड कमी होते, हा हिशोब.

आणि इथे त्यांना ती गोष्ट दिसली. रुग्णाच्या घशातून नुकताच काढलेला व्हायरस अंड्यातल्या एका पिशवीत सहज वाढत होता, गर्भाला वेढणाऱ्या पाण्याच्या पिशवीत. शेजारच्या दुसऱ्या पिशवीत, जिथे गर्भाचं टाकाऊ पाणी साठतं, तिथे तो नीट रुजत नव्हता. काही फेऱ्यांनंतर मात्र तोच व्हायरस दुसऱ्या पिशवीतही जोमाने वाढायला लागला. बर्नेट यांनी तांबड्या रक्तपेशी घेऊन चाचणी केली. फ्लूचा व्हायरस तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो, हे १९४१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी दाखवलं होतं. ताजा व्हायरस गिनीपिगच्या रक्तपेशी छान चिकटवायचा, कोंबडीच्या फारशा नाही. अंड्यात रुळलेला व्हायरस दोन्ही चिकटवायचा. म्हणजे सवय वगैरे नाही, व्हायरसच बदलला होता. बर्नेट यांनी पहिल्याला ओ म्हटलं, मूळ. दुसऱ्याला डी, त्यापासून निघालेला. हे काम १९४३ च्या सुमारास प्रसिद्ध झालं.

याचं कारण आज आपल्याला माहीत आहे आणि ते चार्जरच्या पिनसारखं आहे. फ्लूच्या व्हायरसच्या अंगावर एच नावाचं प्रथिन असतं, ती त्याची पिन. पेशीच्या अंगावर एक साखर असते, ते सॉकेट. माणसाच्या श्वासनलिकेत ही साखर एका कोनात जोडलेली असते, पक्ष्यांच्या आतड्यात दुसऱ्या कोनात. समजा, एक टाइप-सी आणि एक मायक्रो यूएसबी. अंड्यातल्या पहिल्या पिशवीत दोन्ही सॉकेट आहेत, दुसऱ्या पिशवीत फक्त पक्ष्यांचं. त्यामुळे दुसऱ्या पिशवीत टिकायचं तर पिन बदलावी लागते. लाखो प्रतींत कुठेतरी तशी चूक होतेच आणि मग तीच प्रत पुढे जाते. डार्विनला ज्यासाठी हजारो वर्षांचे पुरावे शोधावे लागले, ते बर्नेट यांच्यासमोर आठवड्याभरात, नाश्त्याच्या अंड्याएवढ्या जागेत घडत होतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं एक जुनं दुखणं आहे. कोड माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतो, ग्राहकाकडे गेला की झोपतो. मी स्वतः एकदा अख्खं रीलिज अशा पायी मागे घेतलंय, कारण टेस्ट सर्व्हरवर सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. आम्ही कोड सुधारत होतो, पण तो टेस्ट सर्व्हरसाठी सुधारत होता. बर्नेट यांच्या लशीचं साधारण असंच झालं. १९४२ मध्ये लष्करातल्या थोड्या स्वयंसेवकांवर पहिल्या चाचण्या झाल्या, त्या आशादायक वाटल्या. १९४५ मध्ये हजारो सैनिकांच्या नाकात लस फवारली गेली आणि तिने अपेक्षित संरक्षण दिलं नाही. अंड्यात उत्तम रुळलेला व्हायरस माणसाच्या नाकात नीट रुजेना. जी गोष्ट त्यांनी स्वतः शोधली होती, तीच त्यांच्या आड आली. ऑस्ट्रेलियाने ही लस सोडून दिली.

यादीतल्या दोन नावांचं उत्तर हेच. आजही जगातली बरीचशी फ्लूची लस अंड्यात बनते आणि आजही व्हायरस अंड्यात गेला की पिन बदलायला बघतो. कधीकधी या बदलात त्याचा चेहराही बदलतो. मग लस घेतलेल्या माणसाचं शरीर अंड्यातल्या व्हायरसला ओळखायला शिकतं, बसमध्ये शेजारी शिंकणाऱ्याच्या व्हायरसला नाही. म्हणून अंड्यात कमीत कमी बिघडेल असा नमुना वेगळा निवडावा लागतो.

लस फसली तरी बर्नेट यांनी व्हायरस सोडला नाही. हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांवरून १९४५ मध्ये त्यांचं व्हायरस ॲज ऑर्गनिझम हे पुस्तक आलं. व्हायरसला विष समजू नका, तो जगण्यासाठी धडपडणारा एक जीव आहे असं समजून त्याच्याकडे बघा, त्याचा इतिहास आणि त्याचं राहण्याचं ठिकाण बघा, असा त्या पुस्तकाचा रोख. व्हायरस सजीव की निर्जीव यावर लोक अजून भांडतात. पण फ्लू समजून घ्यायला ही नजर किती उपयोगी होती याचा दाखला लगेच मिळाला. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लूची लस जवळजवळ पूर्ण निकामी ठरली. लस खराब नव्हती, बाहेरचा व्हायरस पुढे निघून गेला होता. छोट्या छोट्या चुका साठत जाऊन हळूहळू सरकणं. जुन्या अँटीव्हायरसने नवा व्हायरस न ओळखावा तसं.

पण फ्लूकडे दुसरीही एक युक्ती आहे आणि ती जास्त भयंकर आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बर्नेट आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया लिंड यांनी दोन वेगळे फ्लू व्हायरस एकत्र करून उंदराच्या मेंदूत सोडले. एक व्हायरस मेंदूत वाढायला शिकलेला होता, दुसऱ्याला ते जमत नव्हतं, पण त्याचा चेहरा वेगळा होता. बाहेर जे निघाले त्यात काही व्हायरस असे होते की मेंदूत वाढायचा गुण पहिल्याचा आणि चेहरा दुसऱ्याचा. दोन्ही व्हायरसनी एकाच पेशीत शिरून सामानाची अदलाबदल केली होती. आणि ही अदलाबदल इतक्या सहज, इतक्या वारंवार होत होती की बऱ्याच संशोधकांना ते पचेना.

ती सहज का होते, हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. फ्लूची माहिती एका लांब पट्टीवर नसते, आठ सुट्या तुकड्यांत असते, हे तेव्हा लक्षात आलं. दोन पत्त्यांचे जोड पिसले की नवा डाव तयार, इतकं ते सोपं आहे. १९५७ ची आशियाई फ्लूची साथ अशीच आली, माणसाच्या फ्लूने पक्ष्यांच्या फ्लूकडून तीन तुकडे उचलले. १९६८ च्या हाँगकाँग फ्लूने दोन. २००९ मध्ये पुण्यात शाळा आणि थिएटरं बंद झाली, आपण रुमाल बांधून फिरलो, तो स्वाइन फ्लू तर डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा तिन्ही घराण्यांतले तुकडे घेऊन आला होता. तेव्हा शाळेत असलेल्यांना टॅमीफ्लू हे नाव नक्की आठवत असेल. त्याचाही एक धागा बर्नेट यांच्याकडे जातो. फ्लूचा व्हायरस पेशीला चिकटतो आणि नंतर स्वतःच सुटतो, म्हणजे त्याच्याकडे कात्रीसारखं काहीतरी असणार. १९४० च्या दशकात बर्नेट आणि जॉइस स्टोन यांना अशीच कात्री कॉलऱ्याच्या जंतूंत सापडली. त्यांच्याच संस्थेत काम करणाऱ्या अल्फ्रेड गॉटशाल्क यांनी ही कात्री नेमकं काय कापते ते पुढे शोधलं. एच१एन१ मधला एन म्हणजे ती कात्री आणि टॅमीफ्लू तिलाच जाम करतं.

१९५१ ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑस्ट्रेलियात ससे इतके माजले होते की सरकारने त्यांच्यात मिक्सोमा नावाचा व्हायरस सोडला. ससे धडाधड मरायला लागले. नेमकी त्याच भागात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. लोक म्हणायला लागले, सशांच्या व्हायरसनेच झालंय. तेव्हा बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्लुनीज रॉस या तिघांनी सशांना मारणारा तोच व्हायरस स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही. पुढे फेनर यांनी बघितलं की काही वर्षांत सशांमधला व्हायरस थोडा सौम्य झाला आणि ससेही चिवट झाले. यावरून कुणीतरी सगळेच व्हायरस आपोआप सौम्य होतात असा नियम काढतो आणि तो फॉरवर्ड होत राहतो. फ्लूने हा नियम कधी पाळलेला नाही.

आता नावडती गोष्ट. १९४७ मध्ये बर्नेट यांनी ऑस्ट्रेलियन सरकारला गुप्त सल्ला दिला होता. दाट लोकवस्तीच्या आशियाई देशांनी आक्रमण केलं तर त्यांची पिकं नष्ट करणारी आणि उष्ण प्रदेशात पसरतील पण ऑस्ट्रेलियात पसरणार नाहीत अशा रोगांची शस्त्रं तयार ठेवावीत, असं त्यात होतं. ही कागदपत्रं १९९८ मध्ये बाहेर आली, बर्नेट जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. काहीजण म्हणतात काळच तसा होता, जपानशी युद्ध नुकतंच संपलं होतं. मला ते पटत नाही. व्हायरस सीमा मानत नाही, तो बदलतो, अदलाबदल करतो, हे त्या घडीला जगात ज्या मोजक्या माणसांना कळत होतं त्यातला हा एक. शिवाय वाचताना डोक्यातून जात नाही की उष्ण प्रदेशातले दाट वस्तीचे आशियाई म्हणजे आपलेच आजी-आजोबा.

१९५७ मध्ये बर्नेट यांनी सगळ्यांना धक्का दिला. अख्ख्या संस्थेचं काम व्हायरसवरून काढून रोगप्रतिकारशक्तीवर नेलं. आयुष्य व्हायरसमध्ये घालवलेले काही सहकारी नाराज होऊन निघून गेले. आणि विनोद बघा, त्याच वर्षी आशियाई फ्लू जगभर पसरला. त्याच वर्षी त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात तीनेक पानांचा लेख छापला. जागा मुद्दाम निवडलेली. कल्पना खरी निघाली तर पहिला मान आपला, खोटी निघाली तर लंडन-न्यूयॉर्कमध्ये कुणी वाचणार नाही. कल्पना अशी होती की आपल्या शरीरात आधीपासूनच लाखो वेगवेगळ्या संरक्षक पेशी असतात, प्रत्येकीला एकच चेहरा ओळखता येतो. जिचा चेहरा जुळतो ती भराभर वाढते. म्हणजे व्हायरस बदल आणि निवड या मार्गाने पुढे सरकतो आणि त्याला पकडणारं आपलं शरीरही बदल आणि निवड हाच मार्ग वापरतं. दोन्हीकडे डार्विन. कल्पना खरी निघाली. नोबेल मात्र त्यांना १९६० मध्ये मिळालं ते त्याच्याशी लागून असलेल्या दुसऱ्या कामासाठी, शरीर स्वतःला परकं का समजत नाही या प्रश्नावर, पीटर मेडावर यांच्यासोबत विभागून.

१९६५ मध्ये ते निवृत्त झाले, लिहीत राहिले आणि चुकलेही. १९७१ च्या जीन्स, ड्रीम्स अँड रिअ‍ॅलिटीज या पुस्तकात त्यांनी जीन्सच्या नव्या विज्ञानावर मनसोक्त शंका घेतली. जीन्स वाचून वैद्यकाच्या हाती फार काही लागेल असं त्यांना वाटत नव्हतं. दुसऱ्या एका पुस्तकात संसर्गजन्य रोगांचं भविष्य बहुधा कंटाळवाणंच असेल असा अंदाज बांधला, अनपेक्षित नवा रोग आला तर गोष्ट वेगळी असं जोडून. त्यानंतर दहा वर्षांच्या आत एड्स आला. पहिली पत्नी लिंडा १९७३ मध्ये गेल्या, तीन वर्षांनी त्यांनी पुन्हा लग्न केलं. ३१ ऑगस्ट १९८५ ला, शहाऐंशीवा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर पोर्ट फेअरी इथे ते गेले.

अमेरिकेतल्या योहान हल्टिन यांनी १९५१ मध्ये अलास्कातल्या गोठलेल्या थडग्यांतून १९१८ च्या रुग्णांची फुप्फुसं मिळवली आणि अंड्यात व्हायरस वाढवून बघितला. काही उगवलं नाही. १९९७ मध्ये ते बहात्तराव्या वर्षी पुन्हा त्याच थडग्यांपाशी गेले. या वेळी अंडी नव्हती, जीन्स वाचायची यंत्रं होती. २००५ पर्यंत १९१८ च्या व्हायरसची आठही तुकड्यांतली सगळी अक्षरं वाचून झाली. बर्नेट यांना ज्यावर भरवसा नव्हता त्याच तंत्राने त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या साथीचा आरोपी सापडला.

आणि ती फसलेली नाकातली लस? ती मेली नाही. सोव्हिएत रशियात तिच्यावर काम चालू राहिलं. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूविरुद्ध नेझोव्हॅक आणली. नाकात फवारायची, जिवंत व्हायरसची आणि अंड्यात वाढवलेली. तिच्यातला व्हायरस बनवायची रीत अशी, की थंडीत रुळलेला रशियातला एक निरुपद्रवी फ्लू घ्यायचा, नवा फ्लू घ्यायचा, दोघांना एकत्र वाढवायचं. मग त्यातून असा व्हायरस निवडायचा की ज्याचे सहा तुकडे निरुपद्रवी फ्लूचे आणि चेहऱ्याचे दोन, एच आणि एन, नव्या फ्लूचे. उंदरांच्या मेंदूत बर्नेट आणि लिंड यांना जी अदलाबदल दिसली होती, तीच इथे मुद्दाम घडवून आणलेली.

तुम्हाला हे सगळं चालू असताना बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये नेक्स्टस्ट्रेन शोधा आणि फ्लू निवडा. फुकट आहे, कोडही खुला आहे. डावीकडून उजवीकडे फांद्या फुटत जाणारं एक झाड दिसेल. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणा एका माणसाच्या नाकातून घेतलेला नमुना, त्यातली अक्षरं वाचून झाडावर बसवलेला. झाडाचा बराचसा भाग छाटल्यासारखा तुटक दिसतो, त्या फांद्या संपल्या. एखादीच फांदी पुढे जाते. झूम करून भारतातले ठिपके शोधलेत तर काहींच्या नावात पुणे आणि एनआयव्ही सापडेल, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी. मोबाइल आडवा धरा, उभा धरला तर नावं कापली जातात.